विद्यापीठ व महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी जीएलपी प्रमाणपत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न औषधनिर्माणशास्त्र, विषशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि रसायनशास्त्राच्या विभागांतून सातत्याने येतात. उत्तरे भारतातील व्यवस्थेला धरून आहेत.

जीएलपी प्रमाणपत्र नेमके कशाचे असते?

औषध, कीटकनाशक, औद्योगिक रसायन, सौंदर्यप्रसाधन किंवा अन्नात मिसळायचा एखादा पदार्थ माणसाला आणि पर्यावरणाला कितपत सुरक्षित आहे, हे तपासण्यासाठी प्राण्यांवर, पेशींवर, जिवाणूंवर, मातीत किंवा पाण्यात जे अभ्यास केले जातात, त्यांचे नियोजन, अंमलबजावणी, देखरेख, नोंदी, अहवाल आणि जतन कसे असावे हे सांगणारी नियमावली म्हणजे जीएलपी, अर्थात उत्तम प्रयोगशाळा पद्धती. माणसांवरील चिकित्सालयीन चाचण्या तिच्या कक्षेत येत नाहीत. आपले विज्ञान किती उच्च दर्जाचे आहे, याचा निवाडा हे प्रमाणपत्र करत नाही. अभ्यास संपल्यानंतर अनेक वर्षांनी, तो करणारी माणसे तेथे नसताना, एखाद्या परक्या तपासनिसाने कपाटातील कागद उघडले तर काय घडले, कोणी केले, केव्हा केले आणि कोणत्या उपकरणावर केले हे त्याला पुन्हा उभे करता यावे, एवढीच हमी ते देते. ही ‘एवढीच’ हमी किती अवघड आहे, हे पुढील उत्तरांतून लक्षात येईल.

इतका काटेकोरपणा कशामुळे आला?

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला नियामकांकडे सादर झालेल्या विषशास्त्रीय अहवालांत गंभीर विसंगती आढळू लागल्या. सर्वांत गाजलेले प्रकरण इलिनॉय राज्यातील इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या खासगी प्रयोगशाळेचे होते. तेथील मूळ नोंदींमध्ये अनेक प्राण्यांपुढे एक संक्षिप्त खूण होती आणि तिचा अर्थ ‘शव तपासण्याच्या पलीकडे कुजले’ असा निघाला. अंतिम अहवालात मात्र या गोंधळाचा मागमूस नव्हता. १९८३ मध्ये त्या प्रयोगशाळेचे तीन अधिकारी न्यायालयात दोषी ठरले. दरम्यान अमेरिकेचे नियम डिसेंबर १९७८ मध्ये प्रसिद्ध होऊन जून १९७९ पासून लागू झाले, १९८१ मध्ये ओईसीडीने, म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, जीएलपीची आपली तत्त्वे स्वीकारली आणि १९९७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. भारतात आज तीच आवृत्ती पाळली जाते. तपासनीस एखाद्या साध्या वजनाच्या नोंदीवर तासभर का थांबतो, याचे उत्तर या इतिहासात आहे.

भारतात हे प्रमाणपत्र कोण देते? ते सक्तीचे आहे का?

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागांतर्गत राष्ट्रीय जीएलपी अनुपालन संनियंत्रण प्राधिकरण, म्हणजे एनजीसीएमए, हे प्रमाणपत्र देते. २४ एप्रिल २००२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या मान्यतेने ते स्थापन झाले. ३ मार्च २०११ रोजी भारत ओईसीडीच्या परस्पर डेटा-स्वीकृती व्यवस्थेचा पूर्ण सहभागी झाला. त्यामुळे येथे जीएलपीनुसार आणि ओईसीडीच्या चाचणी-मार्गदर्शिकांनुसार झालेला अभ्यास त्या व्यवस्थेतील इतर देशांनी पुन्हा करायला लावू नये, असे अपेक्षित असते. स्वीकृती डेटाची असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य करायचा की नाही, हे प्रत्येक देशाचा नियामक स्वतंत्रपणे ठरवतो.

प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक आहे. मात्र नवीन औषधाच्या परवानगीसाठी सादर करायचे विषशास्त्रीय अभ्यास जीएलपीला धरून असावेत, अशी अपेक्षा २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत आहे. म्हणजे प्रयोगशाळेवर सक्ती नसली, तरी तिचा अहवाल ज्याला नियामकापुढे ठेवायचा आहे त्याची ती गरज ठरते.

आमच्याकडे ‘ओईसीडी ४२३’नुसार प्रयोग होतात. मग ते जीएलपीच झाले ना?

नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या एम. फार्म. प्रबंधांत हे वाक्य इतके सर्रास आढळते, की हा गैरसमज स्पष्टपणे दूर करायला हवा. ४२३ ही तोंडावाटे दिलेल्या पदार्थाच्या तीव्र विषारीपणाची मार्गदर्शिका आहे; ४०७ ही २८ दिवसांच्या आणि ४०८ ही ९० दिवसांच्या अभ्यासाची आहे. किती प्राणी घ्यायचे, मात्रा कशी ठरवायची, काय पाहायचे हे त्या सांगतात. जीएलपी त्याच अभ्यासाची जबाबदारी, देखरेख आणि नोंद यांविषयी बोलते. मार्गदर्शिका तंतोतंत पाळूनही अभ्यास जीएलपीबाहेरचा असू शकतो, आणि आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक अभ्यास तसेच असतात. त्यात गैर काही नाही. फक्त तसा दावा करू नये.

एनएबीएलची मान्यता असेल तर वेगळे प्रमाणपत्र कशाला?

एनएबीएल म्हणजे चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ. त्याची मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकावर दिली जाते, आणि ती ठरावीक चाचणी किंवा कॅलिब्रेशन (उपकरण अचूक मोजते का याची पडताळणी) करण्याची क्षमता पारखते : पाण्यातील शिसे मोजण्याची पद्धत, तिची अनिश्चितता, प्रवीणता-चाचणीतील कामगिरी. जीएलपीचे एकक चाचणी हे नसून अभ्यास हे असते. प्रत्येक अभ्यासाला स्वतःचा मंजूर आराखडा, स्वतःचा एकच स्टडी डायरेक्टर (त्या अभ्यासाची संपूर्ण जबाबदारी घेणारी व्यक्ती) आणि स्वतःचा अंतिम अहवाल लागतो. एनएबीएलची शिस्त अंगवळणी पडलेल्या विभागाला कॅलिब्रेशन, एसओपी (कामाची लेखी प्रमाणित कार्यपद्धती) आणि प्रशिक्षण-नोंदींचे काम सोपे जाते, पण एक मान्यता दुसरीची जागा घेत नाही. आपले काम प्रामुख्याने पाणी, माती, सिमेंट किंवा अन्नाचे नमुने तपासून देण्याचे असेल, तर एनएबीएलच योग्य आहे. जीएलपीच्या मागे लागू नये.

औषध कारखान्यांतील शेड्यूल एल-१ मध्येही जीएलपीचा उल्लेख आहे. तो हाच का?

तो वेगळा आहे. एल-१ औषध नियमांचा (पूर्वीचे औषध व सौंदर्यप्रसाधने नियम) भाग असून औषधांच्या गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळांना लागू होतो. त्याचे पालन केल्याने एनजीसीएमएचे प्रमाणपत्र मिळत नाही.

आमच्या विभागाने हे प्रमाणपत्र घ्यावे का?

माझे मत स्पष्ट आहे : बहुतेक विभागांनी घेऊ नये, आणि ज्यांनी घ्यावे त्यांनी आधी एका प्रश्नाचे लेखी उत्तर तयार करावे. आपला डेटा कोणता नियामक, कोणत्या अर्जासाठी वाचणार आहे? उत्तरात एखादे औषध, कीटकनाशक किंवा त्यांचा विकास करणारी संस्था येत असेल, आणि असे काम दरवर्षी नियमित येण्याची वाजवी शक्यता असेल, तर पुढे जावे. ‘नॅकच्या मूल्यांकनात गुण मिळतील’ किंवा ‘संस्थेची प्रतिष्ठा वाढेल’ हे उत्तर असेल तर थांबावे. कामाविना जीएलपी व्यवस्था टिकत नाही. अभ्यासच नसतील तर एसओपी शिळ्या होतात, माणसांचा सराव सुटतो, आणि देखरेखीसाठी येणाऱ्या पथकाला दाखवायला काही उरत नाही.

सार्वजनिक संशोधन संस्थांना हे जमत नाही असे मात्र मुळीच नाही. लखनौच्या भारतीय विषशास्त्र संशोधन संस्थेने, म्हणजे सीएसआयआर-आयआयटीआरने, आपली जीएलपी चाचणी-सुविधा उभी केली आहे. पण विषशास्त्र हेच त्या संस्थेचे मुख्य काम आहे, हे लक्षात ठेवावे. अध्यापन हे ज्या संस्थेचे मुख्य काम आहे, तिला दोन वेगळ्या शिस्ती एकाच इमारतीत सांभाळाव्या लागतात.

संपूर्ण विभागासाठी अर्ज करावा लागतो का?

नाही, आणि करूही नये. प्रमाणपत्र विशिष्ट क्षेत्रांसाठी मिळते : भौतिक-रासायनिक चाचण्या, विषारीपणाचे अभ्यास, उत्परिवर्तन-अभ्यास, जलचर व भूचर जीवांवरील पर्यावरणीय अभ्यास, अवशेष-अभ्यास इत्यादी. एका क्षेत्रापासून सुरुवात करावी. जिवाणूंवरील उत्परिवर्तन-चाचणी, म्हणजे एम्स चाचणी, हा महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी शहाणपणाचा आरंभ आहे, कारण तिला प्राणिगृह लागत नाही, अभ्यासाचा कालावधी लहान असतो, आणि तरीही आराखड्यापासून जतनापर्यंतची सगळी साखळी एकदा पूर्ण करून पाहता येते. या कामाच्या खोल्या, उपकरणे आणि माणसे नकाशावर आणि कागदावर वेगळी दाखवावीत. शेजारच्या खोलीत पदव्युत्तर प्रात्यक्षिके चालू राहायला हरकत नाही, मात्र ये-जा आणि उपकरणांचा वापर नियंत्रित असला पाहिजे.

कोणकोणती पदे लागतात? विभागप्रमुखच सर्व सांभाळू शकतील का?

शैक्षणिक संस्थांची खरी कसोटी येथेच लागते. जीएलपीत चार भूमिका वेगळ्या असतात : साधने, माणसे आणि पैसा पुरवणारे व्यवस्थापन, अभ्यासाची एकहाती जबाबदारी घेणारा स्टडी डायरेक्टर, अभ्यासात सहभाग नसलेली गुणवत्ता-हमी यंत्रणा, जिला सगळे क्यूए म्हणतात, आणि जतन-कक्षाचा जबाबदार अधिकारी.

आपल्याकडील सवय अशी, की विभागप्रमुख प्रकल्पाचे मुख्य संशोधक असतात, खरेदीवर सही त्यांचीच असते, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शकही तेच असतात आणि गुणवत्ता-समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच येते. जीएलपीत हे चालत नाही. ज्या अभ्यासाची तपासणी करायची त्याच्या कामात क्यूएच्या व्यक्तीचा हात असता कामा नये, आणि तिने आपले निष्कर्ष थेट व्यवस्थापनाला कळवायचे असतात. कनिष्ठ सहायक प्राध्यापकाला क्यूए नेमून त्याच्याकडून आपल्याच विभागप्रमुखाच्या अभ्यासातील त्रुटी लेखी मांडण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याचा गोपनीय अहवाल ज्यांच्या हातात आहे त्यांच्याविरुद्ध तो काय लिहिणार? म्हणून क्यूएची व्यक्ती दुसऱ्या विभागातून घ्यावी, तिचा अहवाल प्राचार्य, अधिष्ठाता किंवा कुलसचिव यांच्यापैकी जे व्यवस्थापन म्हणून घोषित असतील त्यांच्याकडे जावा, आणि या कामाचे तास तिच्या कार्यभारात मोजले जावेत. अध्यापनाचा पूर्ण भार तसाच ठेवून वर दिलेली क्यूएची जबाबदारी कागदावरच राहते.

व्यवस्थापन म्हणून ज्यांचे नाव लिहिले जाते, त्यांना आपण कशावर सही करत आहोत हे समजलेले असावे. पुरेशी पात्र माणसे, योग्य जागा, मंजूर एसओपी, चालू अभ्यासांची मुख्य सूची आणि स्वतंत्र क्यूए उपलब्ध असल्याची जबाबदारी त्यांची असते. तीन वर्षांनी पदाधिकारी बदलले की ही जबाबदारी लेखी हस्तांतरित झाली पाहिजे.

पीएच.डी.चे विद्यार्थी जीएलपी अभ्यासात काम करू शकतात का?

करू शकतात, आणि त्यांना यातून जे शिकायला मिळते ते अभ्यासक्रमातील कोणत्याही तासिकेत मिळत नाही. त्यासाठी प्रत्येकाचा बायोडेटा, कामाचे लेखी स्वरूप आणि त्या-त्या एसओपीवरील प्रशिक्षणाची नोंद असावी. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली मालकीची : जीएलपी अभ्यासाची वही, छापील आलेख, ऊतकांचे ब्लॉक आणि स्लाइड हे सर्व जतन-कक्षात जाते, विद्यार्थ्याला ते सोबत नेता येत नाही, आणि प्रबंधात काय वापरता येईल हे प्रायोजकाशी, म्हणजे अभ्यास करवून घेणाऱ्याशी, आधीच ठरवावे लागते. दुसरी वेळेची : विद्यार्थी सुटून जातो, अभ्यास मात्र राहतो. त्यामुळे स्टडी डायरेक्टर नेहमी कायम नोकरीतील व्यक्तीच असावी, असे मी आग्रहाने सांगेन.

‘रॉ डेटा’ म्हणजे काय? नीटनेटकी वही पुरेशी नाही का?

निरीक्षण ज्यावर पहिल्यांदा उमटले तो कागद किंवा ती इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणजे रॉ डेटा. तराजूसमोर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेले वजन संध्याकाळी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले, तर रॉ डेटा तो चिटोरा आहे, आणि तो फेकून दिला असेल तर अभ्यासाचा पायाच गेला. शाळेपासून आपल्याला ‘जर्नल’ पुन्हा स्वच्छ लिहायची सवय लावली जाते. विद्यार्थ्यांची ही सवय मोडण्यास सर्वाधिक वेळ लागतो.

नोंद लगेच, थेट, अचूक आणि वाचता येईल अशी करावी, आणि तिच्यावर सही किंवा आद्याक्षरे व तारीख असावी. चूक झाल्यास जुनी नोंद झाकू नये. तिच्यावर एक रेघ ओढून ती वाचता येईल अशी ठेवावी, बदलाचे कारण लिहावे, सही व तारीख घालावी. व्हाइटनरची बाटली प्रयोगशाळेत असूच नये.

याच मुद्द्याला जोडून आणखी एक भेद सांगावा लागतो. ठरवून केलेला बदल म्हणजे आराखड्याची दुरुस्ती. ती स्टडी डायरेक्टरच्या सही-तारखेनिशी मंजूर होते आणि आराखड्यासोबत जपली जाते. न ठरवता घडलेली गोष्ट, उदाहरणार्थ रविवारी प्राण्यांचे वजन घ्यायचे राहिले, हे विचलन. ते वेळेवर नोंदवून त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला हे स्टडी डायरेक्टरने लिहायचे असते. विचलन झाल्याबद्दल कोणी प्रमाणपत्र नाकारत नाही. ते दडवले गेल्याचे दिसले, तर बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

वनस्पतींच्या अर्कांवर जीएलपी अभ्यास करता येईल का?

करता येतो, पण अभ्यासाआधीची तयारी मोठी असते. जीएलपीत चाचणी-पदार्थाची ओळख, बॅच क्रमांक, शुद्धता, घटक आणि स्थिरता माहीत असावी लागते. गुळवेलीचा किंवा अश्वगंधेचा अर्क विभागातच काढला असेल, तर वनस्पतीची ओळख कोणी पटवली, कोणता भाग घेतला, अर्काची पद्धत कोणती, दर्शक घटकाचे प्रमाण किती, आणि हे दोन बॅचमध्ये सारखे आहे का, या सर्वांची कागदपत्रे लागतात. शिवाय अर्क पाण्यात किंवा सीएमसीच्या (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या) द्रावणात मिसळून देताना ते मिश्रण एकजीव आहे का, त्यात ठरलेली मात्रा खरोखर आहे का आणि ती किती काळ टिकते, हेही तपासावे लागते. अल्पमुदतीचे अभ्यास वगळता प्रत्येक बॅचचा नमुना राखून ठेवावा लागतो.

प्राणिगृहाला सीसीएसईएची नोंदणी आहे. ती पुरेशी आहे का?

सीसीएसईए ही प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे. तिची नोंदणी अनिवार्य आहे, पुरेशी नाही. नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी प्राण्यांचे हित व कायदा यांच्याशी संबंधित आहे. जीएलपी त्यावर आणखी गोष्टी मागते : नव्या प्राण्यांचे विलगीकरण व सरावाचा काळ, प्रजाती व अभ्यास यांची वेगळी व्यवस्था, तापमान-आर्द्रता-प्रकाशाच्या सलग नोंदी, खाद्य-पाणी-बिछान्यातील अपायकारक घटकांची तपासणी, आणि पिंजऱ्यापासून स्लाइडपर्यंत प्रत्येक प्राण्याची न तुटणारी ओळख. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात वीज गेली तर जनित्र किती मिनिटांत सुरू होते, याचीही नोंद तपासनीस पाहू शकतो.

संगणकावरील नोंदींचे काय?

प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन हवे. एचपीएलसीच्या (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाच्या) संगणकावर सर्वांनी एकच पासवर्ड वापरणे हा शैक्षणिक प्रयोगशाळांतील नेहमीचा दोष आहे, आणि तो एका दिवसात दूर करता येतो. बदलांचा माग ठेवणारी सोय चालू असावी, घड्याळाची वेळ बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे नसावा, बॅकअप घेऊन तो परत उघडूनही पाहावा. गणनेसाठी बनवलेल्या एक्सेलच्या तक्त्यातील सूत्रे तपासून, कुलूपबंद करून त्याचे व्हॅलिडेशन लिहून ठेवावे.

किती एसओपी लागतात?

संख्या ठरलेली नाही. जे काम आपण करता त्या प्रत्येकाची, ते करणाऱ्याला समजेल अशा भाषेत लिहिलेली एसओपी हवी. प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांसाठी ती मराठीत असणे हेच योग्य. मराठी व इंग्रजी आवृत्त्यांचा क्रमांक जुळता ठेवावा. रद्द झालेल्या जुन्या आवृत्त्या फेकायच्या नसतात, कारण २०१९ चा अभ्यास २०१९ च्या एसओपीनेच तपासला जातो.

खर्च कोठे होतो?

बहुतेक प्रस्तावांत उपकरणांचा खर्च मांडलेला असतो आणि तोच सर्वांत सोपा असतो, कारण त्यासाठी अनुदान मिळते. खरा भार आवर्ती असतो : कॅलिब्रेशन, देखभाल-करार, प्राण्यांचे प्रमाणित खाद्य, क्यूए आणि जतन-अधिकाऱ्याचे वेतन, प्रशिक्षण. प्रकल्प-अनुदान संपल्यावर ही पदे कोण पोसणार, याचा व्यवस्थापन परिषदेचा किंवा संस्थेच्या नियामक मंडळाचा ठराव अर्जाआधी हातात असावा. हंगामी मानधनावरील क्यूए दरवर्षी बदलत राहिला, तर प्रमाणपत्राचा विचारही करू नये.

अर्जानंतर काय होते?

विहित अर्ज, शुल्क आणि कागदपत्रे सादर झाल्यावर त्यांची छाननी होते. पुढे पूर्वतपासणी आणि मुख्य तपासणी होते. पथक इमारत, उपकरणे व माणसे पाहतेच, शिवाय अभ्यास निवडून अंतिम अहवालातील आकडा मागे-मागे रॉ डेटापर्यंत नेऊन पाहते. म्हणून अर्जाआधी प्रत्येक क्षेत्रातील किमान एक अभ्यास आराखडा, क्यूए-तपासणी, अहवाल व जतन यांसह पूर्ण केलेला असावा. त्रुटी दाखवल्या गेल्यास ‘पुढे काळजी घेऊ’ असे मोघम उत्तर देऊ नये. कारण काय होते, काय बदलले आणि त्याचा पुरावा कोणता, हे द्यावे. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते, मधल्या काळात देखरेख-तपासणी होते, आणि मुदतीनंतर पुन्हा अर्ज करावा लागतो.

प्रमाणपत्र नसताना अहवालावर ‘जीएलपीसारखा अभ्यास’ असे लिहावे का?

लिहू नये. नियामकाच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही, आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होते. कोणत्या बाबी पाळल्या ते सरळ लिहावे : उपकरणे कॅलिब्रेट केलेली होती, आराखडा आधी मंजूर होता, नोंदी अमुक ठिकाणी जतन आहेत. मूलभूत संशोधनासाठी एवढी शिस्त पुष्कळ आहे. नियामकासाठी अभ्यास हवाच असेल, तर तो प्रमाणित सुविधेकडून करून घ्यावा आणि आपण पद्धत-विकासाचे काम आपल्याकडे ठेवावे. अनेक विभागांसाठी हाच अधिक प्रामाणिक मार्ग आहे.

नोंदी किती काळ जपायच्या? पुढे प्रमाणपत्र सोडून दिले तर?

जतनाचा कालावधी संबंधित नियामक ठरवतो. तो ठरलेला नसेल तर संस्थेने एसओपीत लिहावा आणि प्रायोजकाशी झालेल्या करारातही नमूद करावा. तळमजल्यावरील जुनी ग्रंथालयाची खोली जतन-कक्ष म्हणून देण्याची पद्धत आहे. कोकणातील पावसात तेथे ओल येते आणि वाळवी लागते. आग, पाणी, कीड आणि अनधिकृत प्रवेश यांपासून संरक्षण असलेली, एकाच जबाबदार व्यक्तीच्या कुलपाखालील जागा हवी, आणि आत-बाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद हवी.

प्रमाणपत्राचे नूतनीकरण न करण्याचा निर्णय संस्था घेऊ शकते. त्यामुळे आधी केलेल्या अभ्यासांची जबाबदारी संपत नाही. त्यांचे आराखडे, रॉ डेटा, नमुने व अहवाल ठरलेल्या मुदतीपर्यंत सांभाळावेच लागतात, आणि सुविधा पूर्ण बंद होऊन तिचा कोणी कायदेशीर उत्तराधिकारी नसेल तर ते सर्व साहित्य प्रायोजकाच्या जतन-कक्षात पाठवावे लागते. हे कोण करील, त्या वाहतुकीचा खर्च कोण देईल आणि सोपवल्याची पावती कोठे राहील, हे पहिल्या अभ्यासाच्या करारातच लिहून घ्यावे.